जिम्नॅस्टिक्सचे वय आणि आपल्या मुली

माननीय संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एका पालकांचे पत्र वाचण्यात आले. मुलगी नववीत गेल्यावर तिला मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सच्या सरावातून काढून घेतले म्हणून शाळेतील शिक्षकांनी नाराजी दाखवली, त्यावर त्यांनी आपली बाजू मांडली होती. पत्राची भाषा संयत होती आणि मुलीविषयीची काळजीही खरी होती. त्यामुळे त्याला उत्तर द्यावेसे वाटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जिम्नॅस्टिक्स हा चौदा-पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलींचा खेळ आहे, पुढे अंग भरले की तो आपोआप सुटतो, आणि जो सुटणारच आहे त्याच्यासाठी दहावीचे वर्ष पणाला लावण्यात अर्थ नाही. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि हेच वाक्य मी असंख्य पालकांच्या तोंडून ऐकले आहे. मुलीच्या दहावीचा निर्णय पालकांनीच घ्यावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या निर्णयाला आधार म्हणून जे विधान केले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही, आणि जपानच्या माई मुराकामी या खेळाडूची कारकीर्द वर्षवार पाहिली तर ते कोठे चुकते हे स्वच्छ दिसते.

मुराकामीचा जन्म ५ ऑगस्ट १९९६ चा, टोकियोला लागून असलेल्या कानागावा प्रांतातला. तिसऱ्या वर्षी ती जिम्नॅस्टिक्स शिकू लागली आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे आपल्याकडील सहावीच्या वयात, तिने फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या चौकोनात करायच्या कसरतीत, ‘सिलिव्हास’ ही उडी यशस्वी करून दाखवली. रुमानियाच्या डॅनिएला सिलिव्हास हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उडीत हवेत पाठीमागे दोन कोलांट्या घ्यायच्या असतात आणि त्याच वेळी शरीराचे स्वतःभोवती दोन पूर्ण फेरे करायचे असतात. धावत यायचे, हात टेकून उलटी घ्यायची, दोन्ही पाय जोराने रोवून वर उसळायचे, गुडघे छातीशी ओढून घ्यायचे आणि जेमतेम सेकंदाभरात हे सगळे उरकून पुन्हा दोन्ही पायांवर यायचे. या सेकंदातील बराचसा काळ खेळाडूला जमीन दिसत नाही; ती कोठे आहे हे तिच्या अंगाला ठाऊक असावे लागते. पुढे २०१० मध्ये, माध्यमिक शाळेत असतानाच, ती फ्लोअर प्रकारातील जपानची राष्ट्रीय विजेती झाली.

पालकांचा हिशेब बरोबर असता तर तिची कहाणी येथून पुढे दोन वर्षांत आटोपायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या नावावरचे जागतिक पातळीवरील पहिले पदक लागले ते त्यानंतर सात वर्षांनी.

मधल्या काळाकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधते, कारण आपल्याकडील मुली नेमक्या याच काळात गळतात. २०१३ मध्ये अँटवर्प येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सतरा वर्षांची मुराकामी फ्लोअरच्या अंतिम फेरीत चौथी आली. २०१५ च्या ग्लासगो येथील स्पर्धेला ती राखीव खेळाडू म्हणून गेली होती. संघातील एका खेळाडूला दुखापत झाल्याने तिला ऐनवेळी उतरावे लागले आणि चारही साधनांच्या एकत्रित स्पर्धेत, ज्याला ऑल अराउंड म्हणतात, ती सहावी आली. जपानचा संघ पाचवा आला आणि त्याचे रिओ ऑलिम्पिकचे तिकीट निश्चित झाले. रिओ ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्या दिवशी तिला वीस वर्षे पूर्ण झाली. तेथे जपानी महिला संघ चौथा आणि मुराकामी फ्लोअरच्या अंतिम फेरीत सातवी. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अखंड मेहनत घेऊन जागतिक पातळीवर हाती आलेली पदके शून्य. चौथा, सहावा, सातवा असे क्रमांक आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर एका ओळीचेही धनी होत नाहीत, आणि घरी तर त्यांना ‘काही मिळाले नाही’ याच रकान्यात टाकले जाते. या वीस वर्षांच्या मुलीला त्या वेळी घरी बोलावून घेतले असते तर कोणीही त्यास अविचार म्हटले नसते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये माँट्रियल येथे जागतिक स्पर्धा भरली. पात्रता फेरीत ऑल अराउंडमध्ये मुराकामी पहिली होती. अंतिम फेरीत ती बॅलन्स बीमवरून पडली. हा बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला केवळ दहा सेंटिमीटर असतो. त्यावरून एकदा खाली आले की पूर्ण एक गुण जातो. ज्या स्पर्धेत पदकांचे निकाल गुणाच्या शंभराव्या भागावर लागतात तेथे एक गुण म्हणजे सर्वस्व. ती चौथी आली. दोनच दिवसांनी फ्लोअरची अंतिम फेरी होती आणि त्या फेरीत तिने १४.२३३ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेच्या जेड कॅरीला १४.२०० गुण होते. जागतिक स्पर्धेत जपानी महिलेला मिळालेले हे फ्लोअरमधील पहिले सुवर्णपदक, आणि कोणत्याही साधनावरचे म्हणाल तर १९५४ मध्ये रोम येथे केको तानाका यांनी बीमवर मिळवलेल्या सुवर्णानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षांनी मिळालेले.

या ०.०३३ गुणांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जिम्नॅस्टिक्सच्या गुणदानाची माहिती नसल्यामुळेच वयाबद्दलचे गैरसमज टिकून आहेत. २००६ पासून दहापैकी दहा ही जुनी पद्धत गेली. आता एक पंचमंडळ कसरतीची काठिण्यपातळी मोजते. खेळाडूने केलेल्या घटकांपैकी सर्वांत अवघड आठ घटक, त्यांची जोडणी आणि ठरवून दिलेल्या अटींची पूर्तता यांवरून ती संख्या ठरते आणि तिला वरची मर्यादा नाही. दुसरे मंडळ दहा गुणांपासून सुरुवात करून केवळ वजाबाकी करते. गुडघा किंचित वाकला, पंजा ताणलेला नाही, उतरताना पाऊल सरकले तर एक दशांश. चूक मोठी असेल तर तीन दशांश, त्याहून मोठी असेल तर पाच दशांश. पंचांचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला ठेवून मधल्या गुणांची सरासरी काढली जाते. तीन पंचांच्या सरासरीत ०.०३३ हा एक दशांशाचा तिसरा हिस्सा होतो. म्हणजे एका पंचाच्या नजरेत आलेले आणि इतर दोघांच्या नजरेतून सुटलेले सरकते पाऊल एवढाच त्याचा अर्थ. ही सफाई बारा-तेरा वर्षांच्या वयात येत नाही. त्या वयात मुलगी हलकी असते, निडर असते, उडी शिकते. पण नव्वद सेकंदांच्या कसरतीत शेवटच्या उडीपर्यंत दम राखणे आणि थकलेल्या पायांवर न डगमगता उतरणे हे भरलेल्या मांड्यांचे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. मुराकामीची ताकद तिच्या पायांत होती हे तिची कसरत एकदा पाहणाऱ्यालाही कळते. ज्याला आपण ‘अंग भरणे’ म्हणून नाक मुरडतो ते अंग भरल्यावरच ती जगज्जेती झाली.

पुढच्या वर्षी दोहा येथे तिने ऑल अराउंडमध्ये रौप्यपदक मिळवले. सिमोन बाइल्स पहिली, मुराकामी ५५.७९८ गुणांनी दुसरी आणि आदल्या वर्षीची विजेती मॉर्गन हर्ड ५५.७३२ गुणांनी तिसरी. जागतिक ऑल अराउंडमधील जपानी महिलेचे हे पहिले रौप्य होते. त्याच स्पर्धेत फ्लोअरवर कांस्यही मिळाले. वय बावीस.

आणि मग २०१९ मध्ये पाठ दुखावली. राष्ट्रीय निवड स्पर्धेतून तिला माघार घ्यावी लागली आणि त्यामुळे जागतिक स्पर्धेचा संघ तिच्यावाचून गेला. घरच्या ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी, तेविसाव्या वर्षी पाठीचे दुखणे घेऊन बसलेली जिम्नॅस्ट, ही स्थिती डोळ्यांसमोर आणावी. त्यातच महासाथीमुळे ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेले. तिच्यासाठी ते वर्ष फायद्याचे ठरले की तोट्याचे हे बाहेरून सांगणे कठीण आहे. पण तिशीकडे झुकणाऱ्या खेळाडूंसाठी एक वर्ष म्हणजे संकट, हे त्या काळात सर्वत्र लिहिले जात होते. ती टिकली. टिकण्यामागे तिची जिद्द होती हे खरेच, परंतु केवळ जिद्दीवर सारे घालून मोकळे होणे मला पटत नाही. शाळा संपल्यावर ती टोकियोतील निप्पॉन स्पोर्ट सायन्स युनिव्हर्सिटीत दाखल झाली होती. अठराव्या वर्षी तिच्यासमोर ‘अभ्यास की खेळ’ असा प्रश्न उभा राहिला नाही, कारण शिक्षण, सराव, प्रशिक्षक आणि सहकारी एकाच छताखाली होते. आपल्याकडे त्याच वयात पीयूसीचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, क्लासेस सुरू होतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात टोकियोत प्रेक्षकांविना झालेल्या ऑलिम्पिकमध्ये जपानी महिला संघ पाचवा आला. ऑल अराउंडमध्येही मुराकामी पाचवीच आली आणि ऑलिम्पिकच्या इतिहासात कोणत्याही जपानी महिलेची ती सर्वांत वरची जागा ठरली. समाजमाध्यमांवर तिला आणि इतर खेळाडूंना वाईटसाईट बोलणारे लोक त्या वेळीही होते. त्याविषयी बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. २ ऑगस्टला, म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, फ्लोअरची अंतिम फेरी झाली. जेड कॅरी १४.३६६ गुणांनी पहिली, इटलीची व्हॅनेसा फेरारी १४.२०० गुणांनी दुसरी, आणि तिसऱ्या जागेवर मुराकामी व रशियाची अँजेलिना मेल्निकोव्हा यांचे गुण सारखेच, १४.१६६. असे झाले की पंच सफाईचे गुण पाहतात, मग काठिण्याचे पाहतात. दोघींचे दोन्ही गुण सारखेच निघाले, म्हणून दोघींनाही कांस्यपदक देण्यात आले. येथे फेरारीचाही उल्लेख करते, कारण ती त्या दिवशी तीस वर्षांची होती. पंधरा वर्षांनंतर सुटणाऱ्या खेळाच्या ऑलिम्पिक व्यासपीठावर तीस आणि पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या स्त्रिया उभ्या होत्या.

जपानी महिलांना जिम्नॅस्टिक्समध्ये याआधी मिळालेले ऑलिम्पिक पदक १९६४ चे, तेही टोकियोतलेच, सांघिक कांस्य. १९६४ चे टोकियो म्हटले की आपल्या भागातील जुन्या माणसांना भारताचे हॉकीतील सुवर्ण आणि त्या संघातील बेळगावचे बंडू पाटील आठवतात. त्याच नगरात त्याच दिवसांत जपानच्या मुलींनी हे कांस्य मिळवले होते. मुली म्हटले खरे, परंतु त्या संघातील केको इकेदा, म्हणजेच लग्नापूर्वीच्या केको तानाका, तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिना यांनी त्याच स्पर्धेत सुवर्णपदके घेतली तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. साठच्या दशकापर्यंत हा खेळ प्रौढ स्त्रियांचाच होता. १९७६ मध्ये माँट्रियल येथे चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने पूर्ण दहा गुण मिळवले आणि जगाच्या मनात जिम्नॅस्ट म्हणजे चिमुकली मुलगी असे चित्र पक्के बसले. पुढची वीसेक वर्षे खेळ त्याच वाटेने गेला, त्यात अनेक मुलींची हाडे आणि आयुष्ये झिजली, आणि अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेला १९९७ पासून वरिष्ठ स्पर्धेसाठी त्या वर्षात सोळा पूर्ण होण्याची अट घालावी लागली. म्हणजे ज्या वयाला आपले पालक खेळाचा शेवट समजतात, त्या वयाच्या आधी वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे दारच उघडत नाही. पत्रलेखक पालकांच्या मनातील चित्र पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या शिक्षकवर्गातही ते चित्र अजून पुसलेले नाही.

टोकियोनंतर अडीच महिन्यांनी जपानमधीलच किताक्युशू येथे जागतिक स्पर्धा झाली. मुराकामीने फ्लोअरचे सुवर्ण पुन्हा जिंकले, १४.०६६ गुणांनी, मेल्निकोव्हा १४.००० गुणांवर राहिली. बीमवर तिला कांस्य मिळाले, आणि त्याच बीमवर तिचीच देशभगिनी उरारा आशिकावा हिने सुवर्ण घेतले. चार वर्षांपूर्वी ज्या साधनाने ऑल अराउंडचे पदक हिरावून घेतले त्याच्यावर शेवटच्या स्पर्धेत पदक घेऊन पंचवीस वर्षांची मुराकामी निवृत्त झाली.

तथापि, किताक्युशूची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. टोकियोच्या जपानी संघातील हितोमी हाताकेदा ही खेळाडू त्याच स्पर्धेपूर्वीच्या सरावात अनइव्हन बारवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवर कसरत करताना, पडली, मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली आणि तिची कारकीर्द तेथेच थांबली. हा खेळ धोक्याचा आहे. पालकांना भीती वाटते ती अनाठायी नाही. म्हणूनच मी म्हणते, की वाद वयाचा नसून देखरेखीचा आहे. वाढीच्या वयात मनगटाच्या आणि कंबरेच्या हाडांवर सतत भार आला तर ती दुखावतात. उंची अचानक दोन-तीन इंच वाढली की हवेत फिरण्याचा वेग बदलतो, कालपर्यंत जमणारी उडी आज जमत नाही, आणि मुलगी घाबरते. या काळात अवघड उड्या काही महिने बाजूला ठेवून पायांची ताकद, खांद्यांची लवचिकता आणि पायाभूत हालचाली यांवर काम करायचे असते. पोटभर खायचे असते. वजन वाढेल म्हणून भाकरी मोजून देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि पाळी वेळेवर येत नाही हे खेळाडूपणाचे लक्षण मानणारे प्रशिक्षकही पाहिले आहेत. पाळी लांबणे ही शरीराला अन्न पुरत नसल्याची खूण असते आणि अशा मुलीच्या हाडांना धोका अधिक असतो. तेरा ते सोळा हा काळ थांबवण्याचा नाही. सांभाळण्याचा आहे.

आता आपल्या भागाविषयी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तालमींची परंपरा आहे. लाल मातीत मुले उतरतात, जत्रेतल्या कुस्त्यांना गाव लोटते, आणि तुरमुरीसारख्या गावातून मलप्रभा जाधवसारखी मुलगी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक घेऊन येते. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब कित्येक शाळांत होता आणि काही ठिकाणी आजही आहे. ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. छताच्या तुळईला बांधलेली सुती दोरी असते, तिला गाठी नसतात. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून मुलगी वर सरकते. दोरीला कमरेभोवती, मांडीभोवती वेढा देते आणि हात सोडून उलटी लटकते, तेव्हा तिचे सगळे वजन त्या वेढ्यावर असते. वेढा चुकला तर कातडी सोलते. अशा मुलीला आपले शरीर हवेत कोठे आहे हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. फ्लोअरवरील कोलांट्यांसाठी जी जाण लागते तिचा पाया आमच्या मुलींकडे सातवीतच तयार असतो.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी दोरीवर इतकी सफाईदार होती, की तिने आसन पूर्ण केल्यावर दोरीसुद्धा हलत नसे. पाठीमागे कोलांटी ती शाळेच्या मैदानावर, पावसाळ्यानंतर उगवलेल्या गवतावर शिकली, कारण दुसरी जागाच नव्हती. तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळली. दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीला तिचे वडील शाळेत आले, माझ्याशी आदराने बोलले आणि ‘बाई, आता वय झालं तिचं’ म्हणून तिला घेऊन गेले. तिला चौदावे संपायचे होते. त्या काळात मी तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतच्या संबंधित कार्यालयांकडे मॅटसाठी अर्ज करीत होते. गाद्या आल्या त्या कबड्डीच्या होत्या. कबड्डीच्या पातळ मॅटवर दोन कोलांट्यांची उडी शिकवणे म्हणजे मुलीचे गुडघे आणि घोटे जाणूनबुजून मोडणे होय. मी ते कधी केले नाही, आणि त्यामुळे त्या मुलींना एका मर्यादेपलीकडे नेऊही शकले नाही. खऱ्या फ्लोअरच्या खाली स्प्रिंग असतात, त्यावर प्लायवूड, त्यावर फोम आणि वर कार्पेट. बारा मीटर लांब आणि तितक्याच रुंद या चौकोनात उसळी मिळते आणि उतरतानाचा धक्का शोषला जातो. मुराकामी पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याच उड्या मारू शकली यात या स्प्रिंगांचाही वाटा आहे.

हे सारे जपानलाच शक्य, असे कोणी म्हणेल. मग त्रिपुरातील आगरताळ्याच्या दीपा कर्माकरकडे पाहावे. जिम्नॅस्टिक्समध्ये ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय महिला. रिओमध्ये व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीच्या, अंतिम फेरीत १५.०६६ गुणांनी ती चौथी आली, कांस्य ०.१५० गुणांनी हुकले, आणि तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया, उत्तेजक द्रव्याच्या चाचणीमुळे आलेल्या बंदीचा काळ, टीका हे सगळे होऊन २०२४ मध्ये ताश्कंद येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण तिने जिंकले ते तिशीत. बंदीच्या प्रकरणात तिचे समर्थन करण्याचे मला कारण नाही. परंतु वयाच्या प्रश्नावर तिचे उदाहरण मुराकामीइतकेच स्पष्ट आहे, आणि आगरताळा हे काही टोकियो नव्हे. तेथे मिळाले ते एक चिकाटीचे प्रशिक्षक आणि सरावाची एक कायमची जागा.

तेव्हा पालकांशी भांडत बसण्याऐवजी मागणी कोणाकडे करायची हे आपण ठरवले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या किंवा निपाणीच्या मुलीला संध्याकाळच्या बसने जाऊन परत येता येईल अशा ठिकाणी, स्प्रिंगचा एक फ्लोअर, फोमचा खड्डा, एक बीम आणि पूर्णवेळ पगारी महिला प्रशिक्षक असावी. कर्नाटक राज्याच्या युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याच्या दृष्टीने हा खर्च अवाढव्य नाही. अर्ज कन्नडमध्ये करावा लागेल. तो करावा, त्यात मानापमान आणू नये, कारण खानापूरच्या मराठी मुलीइतकीच बैलहोंगलच्या कन्नड मुलीलाही या फ्लोअरची गरज आहे. पीयूसीच्या दोन वर्षांत खेळाडू मुलींना सरावाची वेळ सांभाळून वर्ग मिळावेत, हेही त्याच अर्जात घालता येईल. आमच्या काही निवृत्त सहकारी शिक्षिका आठवड्यातून काही संध्याकाळी विनामोबदला शिकवायला तयार आहेत, परंतु गवतावर नव्हे.

आपल्या वृत्तपत्राकडेही माझी एक विनंती आहे. शालेय आणि जिल्हा स्पर्धांच्या निकालांत पहिल्या तीन नावांवर न थांबता अंतिम फेरीतील सर्वच मुलींची नावे द्यावीत आणि नावापुढे वय छापावे. चौथी आलेली सोळा वर्षांची मुलगी छापील अक्षरांत दिसली तर तिच्या घरी तिच्याविषयीचे बोलणे बदलते, हा माझा अनुभव आहे. शिवाय बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरेल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी सीमाभागातील आमदारांना आणि क्रीडामंत्र्यांना एवढेच विचारावे, की जिल्ह्यात मुलींसाठी स्प्रिंगचा जिम्नॅस्टिक्स फ्लोअर कोठे आहे, नसल्यास तो कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येणार आहे आणि त्यावर शिकवणाऱ्या बाईंची नेमणूक कायम असेल की कंत्राटी. मिळालेले उत्तर, जसे असेल तसे, कृपया छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव